डबल मार्कर १:८४ आलाय. पुढची चाचणी करावी की थांबावं?

कातरवेळ (धागाकर्ती)

बरीच वर्षं इथे नुसती वाचक आहे. पहिला धागा असा काढावा लागेल असं वाटलं नव्हतं.

वय ३४, पहिलीच खेप, आज तेरा आठवडे एक दिवस. मागच्या आठवड्यात एनटी स्कॅन (सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागची जाडी मोजतात ते) आणि डबल मार्कर (गुणसूत्रांच्या दोषाचा धोका सांगणारी रक्तचाचणी) झालं. स्कॅन करणाऱ्या डॉक्टर म्हणाल्या, सगळं व्यवस्थित दिसतंय, बाळ नुसतं उड्या मारतंय. आम्ही दोघं हवेत. तीन दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट आला, त्यावर लाल चौकट: ट्रायसोमी २१ (म्हणजे डाऊन सिंड्रोम), हाय रिस्क, १:८४.

एनटी १.८ मिमी, सीआरएल (बाळाची लांबी) ५६ मिमी, नाकाचं हाड दिसलंय. रक्तातली दोन द्रव्यं: पॅप-ए ०.३८ एमओएम, फ्री बीटा एचसीजी २.१ एमओएम (एमओएम म्हणजे त्या आठवड्यांच्या मधल्या आकड्याच्या किती पट). आमच्या डॉक्टरांनी तीन रस्ते सांगितले. एनआयपीटी (आईच्या रक्तावरून बाळाच्या गुणसूत्रांची चाचणी) करा, नाहीतर थेट सुईची चाचणी करा (आता सीव्हीएस, म्हणजे वारेचा तुकडा घेणं, किंवा पंधरा-सोळा आठवड्यांनंतर अॅम्नियो, म्हणजे गर्भजल घेणं), नाहीतर काहीच न करता विसाव्या आठवड्याच्या स्कॅनपर्यंत थांबा. "तुम्ही दोघं ठरवा," म्हणाल्या. त्यांचं बरोबरच आहे, पण घरी आल्यावर पाय गळाले.

नवऱ्याचं म्हणणं एकच, "काय आहे ते एकदा कळू दे." मला त्या सुईची भीती वाटते. बाळाला काहीही झालेलं नसेल आणि सुईमुळे ते गेलं तर? सासूबाई म्हणतात काही करू नका, आई म्हणते सगळं करा. चार दिवस झाले, झोप नाही. इथे कोणी यातून गेलं असेल तर कसं ठरवलं ते सांगा. काय करू ते सांगू नका, कसं ठरवलं ते सांगा.


मधली_सुट्टी

आधी एक श्वास घे. मी तुझ्याच जागी होते, माझा आकडा १:११२ होता. रात्री दोन वाजता त्या गुणोत्तराकडे बघत बसायचे, जणू बघून बघून ते बदलणार होतं. सविस्तर उद्या लिहिते, आत्ता फक्त एवढंच की ही चाळणी आहे, निदान नाही. चाळणीवर राहिलेलं सगळंच खडे नसतं.


आकडेमोड

मी डॉक्टर नाही. आकड्यांवर पोट आहे, त्यामुळे तेवढंच बोलतो.

१:८४ म्हणजे तुमच्यासारखे आकडे असलेल्या ८४ जणी एका खोलीत बसवल्या, तर साधारण एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असेल आणि ८३ जणींच्या बाळांना नसेल. टक्क्यांत १.२. रिपोर्ट छापणाऱ्याला कुठेतरी रेघ मारावी लागते, कुठे ती १:२५० वर असते, कुठे १:१५० वर. रेघेच्या अलीकडे लाल, पलीकडे हिरवा. १:२४९ आणि १:२५१ या बायकांमध्ये प्रत्यक्षात काडीचा फरक नसतो, पण एक रात्रभर रडते आणि दुसरी पेढे वाटायला निघते.

आकडा येतो कुठून तेही बघा. सुरुवात वयापासून. जन्माच्या वेळचा धोका आईच्या तिसाव्या वर्षी साधारण ९०० त १, पस्तिसाव्या वर्षी ३५० त १, चाळिसाव्या वर्षी १०० त १. मग त्याला एनटी, पॅप-ए आणि बीटा एचसीजी यांच्या गुणकांनी वरखाली ढकलतात. तुमच्या एनटीने धोका खाली ओढलाय, रक्ताने वर नेलाय. पॅप-ए कमी आणि एचसीजी जास्त ही जोडी डाऊनमध्ये दिसते म्हणून. पण हीच जोडी कितीतरी निरोगी गरोदरपणांतही दिसते.

आणि हो, आकडा लहान आहे म्हणून तो दुर्लक्ष करण्याजोगा आहे असं मी म्हणत नाहीये. ८४ तली ती एक जण खरी असते.


ढगफुटी

सगळा धंदा आहे. आमच्या आज्यांना दहा-दहा मुलं झाली, कुणी मार्कर केले होते? आधी घाबरवायचं, मग महागड्या टेस्ट गळ्यात मारायच्या. फोन बंद करा, सकारात्मक विचार करा, बाळ ठणठणीत होईल.


अबोली

@ढगफुटी, आज्यांच्या वेळीही ही मुलं जन्मत होती. लँग्डन डाऊन यांनी वर्णन लिहिलं १८६६ साली, लेज्यून यांनी जादाचं एकविसावं गुणसूत्र दाखवलं १९५९ साली. त्याआधीही ती होतीच, फक्त त्यांना कोपऱ्यात बसवलं जायचं आणि बरीचशी लहानपणीच जायची. माझ्या मुलाला डाऊन आहे. मी गरोदरपणी भरपूर सकारात्मक विचार केला होता.

@कातरवेळ, तुझ्यासाठी वेगळं लिहीन. शाळेची बस आली.


संपादक

वरच्या प्रतिसादानंतरचे तीन वैयक्तिक प्रतिसाद उडवले आहेत. धागा एका अवघड निर्णयाचा आहे, तो तसाच राहू द्या.


गुणसूत्री

गुणसूत्रांच्या प्रयोगशाळेत काम करते. चाचण्यांबद्दल लोकांचे जे गोंधळ रोज बघते तेवढे सोडवते.

एनआयपीटीत आईच्या रक्तातले डीएनएचे तुटके तुकडे वाचतात. आईच्या रक्तात असे तुकडे फिरतात हे १९९७ मध्ये डेनिस लो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, चाचणी म्हणून ती २०११ पासून वापरात आली. गंमत अशी की हे तुकडे "बाळाचे" म्हटले जातात, पण ते येतात वारेतून. वार आणि बाळ एकाच पेशीपासून निघालेले असले तरी दरवेळी तंतोतंत सारखे नसतात. म्हणून एनआयपीटी कितीही चांगली असली तरी ती चाळणीच. खूप बारीक जाळीची, पण चाळणी. ती पॉझिटिव्ह आली तर त्यावरून कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही, सुईच्या चाचणीने खात्री करायची. हे वाक्य मी दिवसातून चारदा फोनवर बोलते.

सीव्हीएसमध्येही वारेचाच तुकडा घेतात, साधारण अकरा ते चौदा आठवड्यांत. शंभरात एक-दोघींमध्ये वारेत एक आणि बाळात दुसरंच असा मिश्र निकाल येतो आणि मग पुन्हा अॅम्नियो करावी लागते. अॅम्नियो पंधरा आठवडे पूर्ण झाल्यावर. गर्भजलात बाळाच्या त्वचेच्या, मूत्रमार्गाच्या पेशी तरंगत असतात, त्यामुळे उत्तर थेट बाळाचं. पंधराच्या आत ती करू नये, त्यात धोका वाढतो.

तुझे आज तेरा आठवडे एक दिवस म्हणजे सीव्हीएसची खिडकी चार-पाच दिवसांत मिटणार. पण खिडकी मिटतेय म्हणून उडी मारायची असं नाही.


आकडेमोड

गुणसूत्रींच्या प्रतिसादाला शेपूट. एनआयपीटी डाऊनच्या १०० पैकी ९९ केसेस पकडते आणि निरोगी १००० पैकी एकीला उगाच पॉझिटिव्ह ठरवते असं धरा. १:८४ वाल्या ८,४०० बायका घ्या. १०० बाळांना डाऊन, त्यातली ९९ पकडली. उरलेल्या ८,३०० पैकी ८ जणींना खोटं पॉझिटिव्ह. म्हणजे १०७ पॉझिटिव्हपैकी ९९ खरे, ८ खोटे.

आता हीच चाचणी १:१००० धोका असलेल्या १०,००० जणींवर करा. १० खरे पॉझिटिव्ह आणि जवळजवळ १० खोटे. अर्धेअर्धे! चाचणी तीच, कंपनी तीच, पत्रकावर छापलेलं "९९%" तेही तेच.

निगेटिव्ह आली तर तुमचा डाऊनचा धोका आठ हजारांत एकच्या आसपास जातो. पण ते उत्तर फक्त विचारलेल्या गुणसूत्रांचं, म्हणजे बहुतेक ठिकाणी २१, १८, १३ आणि कधी लिंग-गुणसूत्रं. बाकी प्रश्न विचारलेच गेलेले नसतात.


मधली_सुट्टी

काल कबूल केलं होतं ते लिहिते.

आम्ही थेट अॅम्नियो केली. कारण फार तात्त्विक नव्हतं. मला माझा स्वभाव माहीत आहे. निगेटिव्ह एनआयपीटी हातात घेऊनही मी "आठ हजारांतली एक" शोधत बसले असते. माझ्या जागी माझी बहीण असती तर तिला एनआयपीटीने शांत झोप लागली असती. स्वभावाला औषध नाही तसं त्याला चाचणीही नाही.

सुईबद्दल. पोट स्वच्छ करतात, सोनोग्राफीचा प्रोब एका हातात, पडद्यावर बाळ आणि सुईचं टोक दोन्ही दिसत असतं. त्वचेतून जाताना इंजेक्शनसारखं टोचतं, गर्भाशयात शिरताना मात्र एक विचित्र दाब येतो, पाळीच्या कळेसारखा. मी पडद्याकडे बघितलं नाही. पंधरा-वीस मिली पाणी काढतात, फिकट पिवळं. सुई आत असते ती एखाद-दोन मिनिटं. मला ती मिनिटं आठवत नाहीत, नंतर कपडे घालताना हात थरथरत होते ते आठवतं.

धोक्याचा आकडा मी तीन जणांना विचारला, तीन उत्तरं आली.


आकडेमोड

कारण आकडा काळाबरोबर बदललाय. लोक अजून "शंभरात एक" म्हणतात त्याचं मूळ १९८६ च्या एका डॅनिश चाचणीत आहे. ४,६०६ बायका, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन गटांत विभागलेल्या. सुई झालेल्यांत गर्भपात १.७%, न झालेल्यांत ०.७%. फरक एक टक्का. तशी चाचणी पुन्हा कोणी केलीच नाही, म्हणून तो आकडा चिकटून राहिला. पण तेव्हाची सोनोग्राफीची यंत्रं आणि आजची यांची तुलना होत नाही. अलीकडचे मोठे एकत्रित अभ्यास सुईमुळे होणारी जादा हानी हजारात एक ते तीनच्या आसपास दाखवतात. अनुभवी हातात दोनशेत एकपेक्षा कमी, असं डॉक्टर सांगतात ते यातूनच.

यात एक मेख आहे. ज्यांना सुईची चाचणी सुचवली जाते त्यांचं गरोदरपण मुळातच थोडं नाजूक असू शकतं. सुईनंतर झालेला प्रत्येक गर्भपात सुईने झालेला नसतो. पण ज्या घरात तो होतो, तिथे हे वाक्य कुणाच्या उपयोगी पडत नाही, हेही खरंच.


नीरव

बाप आहे, त्यामुळे अर्धवट अधिकाराने लिहितोय.

आमचा आकडा तुमच्यापेक्षा वाईट होता. आम्ही काहीच केलं नाही, म्हणजे सुई नाही. त्या आधी दोन गर्भपात झाले होते आणि हजारात एक काय, लाखात एक सांगितलं असतं तरी बायको तयार झाली नसती. मी सुरुवातीला वाद घातला. मग एका रात्री तिने विचारलं, "डाऊन आहे असं कळलं तर तू काय करशील?" मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, "मला माहीत आहे. मी ठेवणार आहे. मग ज्या उत्तराने माझं काही बदलणार नाही त्याच्यासाठी मी सुई का घेऊ?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण थांबणं फुकट नसतं हे कोणी सांगत नाही. विसाव्या आठवड्याच्या स्कॅनमध्ये हृदयात एक पांढरा ठिपका दिसला. एकटा असेल तर त्याला काही अर्थ नसतो असं सांगितलं, तरी आम्ही पुन्हा तिथेच आलो. स्कॅन चांगला आला तरी डाऊन नाही असं म्हणता येत नाही, बऱ्याच डाऊन बाळांच्या स्कॅनमध्ये काहीच ठळक दिसत नाही. पाच महिने मी प्रत्येक फोटोत बाळाचं नाक बघत होतो. मुलगी आता सात वर्षांची आहे. तिला डाऊन नाही. असतं तर हा प्रतिसाद वेगळा लिहिला असता का, याचा मी विचार करतोय.


नाव_नको

नवीन आयडी घेऊन लिहितेय, संपादकांना माहीत आहे.

अशा धाग्यांवर शेवट गोड झालेलेच लिहायला येतात, म्हणून लिहिते. आमचा ट्रायसोमी १८ चा आकडा वाईट होता, १:१२. पॅप-ए आणि एचसीजी दोन्ही तळाला. स्कॅनमध्येही मान आणि हृदय ठीक दिसत नव्हतं. आम्ही दुसऱ्याच दिवशी सीव्हीएस केली. तिसऱ्या दिवशी फोन. अठरावं गुणसूत्र तीन.

आम्ही थांबवलं. त्यावर चर्चा नको. सांगायचं ते एवढंच की स्कॅनमध्येच काही दिसत असेल तर मध्ये एनआयपीटीचा थांबा घेऊ नका, दहा दिवस जातात आणि खात्री करायला सुई लागतेच. आणि पुढच्या पर्यायांना कायद्याची मुदत असते, देशोदेशी वेगळी. ती पहिल्याच भेटीत विचारून घ्या, मग वापरायची वेळ येवो न येवो. आम्हाला ते विचारणं अभद्र वाटलं होतं.


अबोली

आता निवांत बसलेय.

@कातरवेळ, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. आम्हाला जन्मानंतर कळलं. तो माझ्या पोटावर होता आणि बालरोगतज्ज्ञ त्याच्या तळहातावरची रेघ बघत होते, त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. हृदयात मोठं छिद्र होतं. डाऊनच्या साधारण निम्म्या बाळांना हृदयाचा काही ना काही दोष असतो. पाचव्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली.

लोकांना माझ्याकडून दोनपैकी एक वाक्य हवं असतं: "तो देवाची देणगी आहे" किंवा "आधी कळलं असतं तर बरं झालं असतं". दोन्ही देत नाही. तो उशिरा चालला, उशिरा बोलला, आता बोलतो तर थांबत नाही. थायरॉइडची गोळी रोज. वाचतो, हळू. चिडतो तेव्हा घर डोक्यावर घेतो. मी गेल्यावर काय, हा प्रश्न पोटात कायम असतो, कारण ही माणसं आता साठीपर्यंत जगतात. आणि "तू किती ग्रेट आहेस" याचा मला मनापासून कंटाळा आलाय.

पण आधी कळलं असतं तर एक नक्की केलं असतं. जिथे लहान मुलांचे हृदय-शल्यचिकित्सक आहेत तिथे बाळंतपण ठेवलं असतं. पहिले अकरा दिवस आम्ही नुसते धावत होतो. म्हणून नीरव यांच्या पत्नीचा मुद्दा मला पटतो आणि पूर्ण पटत नाही. मूल ठेवायचंच असलं तरी उत्तराने काही ना काही बदलतं. चाचणी करणारी प्रत्येक बाई मूल नाकारायच्या तयारीने जाते असं नाही, हे कुणीतरी इथे लिहायला हवं होतं.


नीरव

@अबोली, पटलं. आम्ही निदान हृदयाचा स्कॅन वेगळा करून घेतला होता, पण तेवढंच.


कातरवेळ

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. नवऱ्यालाही वाचायला दिले, तो अबोली यांच्या प्रतिसादावर बराच वेळ थांबला होता.

काल समुपदेशकांकडे जाऊन आलो. त्यांनी आकड्यांत वेळ घालवला नाही. त्या म्हणाल्या, तीन फोन येऊ शकतात असं समजा. एक, सगळं ठीक. दोन, डाऊन आहे. तीन, काहीतरी सापडलंय पण त्याचा अर्थ सांगता येत नाही. यातल्या कुठल्या फोननंतर तुमचं दोघांचं पटणार नाही? आम्ही दुसऱ्या फोनची तयारी करून गेलो होतो. तिथे आमचं बऱ्यापैकी जुळतं असं लक्षात आलं, म्हणजे दोघांनाही माहीत नाही, आणि तरी दोघांनाही कळायला हवंय. तिसऱ्यावर मात्र आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो.

ठरलं असं: आधी एनआयपीटी. स्कॅन चांगला आहे, वेळ हातात आहे. सीव्हीएसची खिडकी जाऊ दिली. रक्त दिलं. आता वाट.


गुणसूत्री

तिसरा फोन म्हणजे मायक्रोअरेचा. साध्या कॅरिओटाइपमध्ये गुणसूत्रं मोजतात आणि मोठे तुटलेले-जोडलेले भाग बघतात. मायक्रोअरे बारीक गाळलेले किंवा दुप्पट झालेले तुकडे दाखवतो. स्कॅन नॉर्मल असतानाही शंभरात एक-दोघींमध्ये त्यातून काही महत्त्वाचं सापडतं. पण "अर्थ अनिश्चित" असाही शेरा येतो, आणि मग आई-वडिलांचं रक्त मागवतात, तो तुकडा त्यांच्यात आहे का बघायला. बरेचदा तो धडधाकट वडिलांतही निघतो आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. कधी निघत नाही. काय काय बघायचं आणि काय कळवायचं हे नमुना देण्यापूर्वी ठरवता येतं. विचारलं नाही तर लॅब आपल्या ठरलेल्या पद्धतीने जाते.


कातरवेळ

नऊ दिवसांनी निकाल आला. म्हणजे आलाच नाही. "नो कॉल". फीटल फ्रॅक्शन (रक्तातल्या तुकड्यांत वारेच्या तुकड्यांचा वाटा) २.९%, अपुरं. पुन्हा रक्त द्या म्हणतात.

हसावं की रडावं कळेना. बसमध्ये होते, बसमध्येच रडले.


मधली_सुट्टी

अरे देवा. मिठी.


गुणसूत्री

हे नापास झाल्यासारखं घेऊ नकोस. साधारण दहाव्या आठवड्यानंतर आईच्या रक्तातल्या तुकड्यांपैकी दहा टक्क्यांच्या आसपास वारेचे असतात. बऱ्याच लॅब चार टक्क्यांच्या आत उत्तर देत नाहीत. वजन जास्त असेल, फार लवकर रक्त घेतलं असेल, काही औषधं चालू असतील तर ते कमी पडतं. पॅप-ए वारेतूनच येतं, त्यामुळे तुझं पॅप-ए कमी आणि फ्रॅक्शनही कमी हे एकाच घरचे दोन निरोप असू शकतात.

तरीही सांगायला हवं की उत्तर न येणं अगदीच निरर्थक नाही. ट्रायसोमी १८, १३ आणि ट्रिप्लॉइडीत (गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन पूर्ण संच) फ्रॅक्शन कमी राहण्याकडे कल असतो. म्हणून पुन्हा रक्त देण्याबरोबर सुईचा पर्यायही डॉक्टर पुढे ठेवतील. दुसऱ्यांदा रक्त दिलेल्या बऱ्याच जणींना उत्तर मिळतं, सगळ्यांना नाही.


ढगफुटी

मी म्हटलं नव्हतं?


आकडेमोड

नाही, तुम्ही "धंदा" म्हटलं होतं. धंदा असता तर काहीतरी उत्तर छापून दिलं असतं. उत्तर देता येत नाही असं सांगणारी लॅब मला जास्त विश्वासाची वाटते.


कातरवेळ

गंमत बघा. आता नवरा म्हणतोय पुन्हा रक्त देऊ, सुई नको. आणि मी म्हणतेय अॅम्नियो. महिनाभरात आम्ही खुर्च्या बदलल्या.

माझं काय झालं ते मलाच शोधावं लागलं. मी सुईला घाबरत होते हे खरं, पण त्याहून जास्त मी "माझ्यामुळे झालं" याला घाबरत होते. सुई घेतली आणि काही झालं तर दोष माझा. नाही घेतली आणि काही निघालं तर तो नशिबाचा. असा हिशेब मनात चालला होता आणि तो मला दिसतच नव्हता. एनआयपीटीने तो पुढे ढकलला, सोडवला नाही. बसमध्ये रडताना कळलं की आणखी दहा दिवस मी काढू शकेन, पण त्या दहा दिवसांच्या शेवटी पुन्हा "नो कॉल" आलं तर मी कुणाशी नीट बोलण्याच्या लायकीची राहणार नाही.

नवऱ्याला एवढंच म्हटलं की सही दोघांनी करायची. संमतीपत्रावर माझीच लागते, त्याची लागत नाही हे मला माहीत आहे. तरी त्याने खाली केली. नर्स हसली.

सोळा आठवडे दोन दिवसांना तारीख मिळाली आहे. झटपट चाचणी आणि कॅरिओटाइप मागितलंय. मायक्रोअरेवर दोन दिवस भांडलो आणि शेवटी घेतला, पण अनिश्चित काही निघालं तर आधी आमच्या रक्ताशी ताडून मगच सांगा असं लिहून दिलं. लॅब तयार झाली. बरोबर केलं का माहीत नाही.


मधली_सुट्टी

रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं आठवणीने विचार, माझ्या वेळी मलाच आठवण करून द्यावी लागली होती. नंतर एक-दोन दिवस जड उचलू नकोस, पण पलंगाला खिळून राहायची गरज नाही. पाणी जाणं, रक्त, ताप, थांबत नाहीत अशा कळा, यातलं काही झालं तर लगेच फोन. थोडी कळ येतेच, तिला घाबरू नकोस. आणि निकालाचा फोन कुणी घ्यायचा ते आधी ठरवा. माझा फोन मीटिंगमध्ये आला होता.


कातरवेळ

बी निगेटिव्ह आहे! डॉक्टरांच्या यादीत होतं, पण मीही लिहून घेतलं.

फोन नवऱ्याच्या नंबरवर, संध्याकाळी सहानंतर, दोघं घरी असताना. तसं लॅबला सांगितलंय.


कातरवेळ

झालं. तुम्ही लिहिलं होतं तसंच, दाब वाटला. मी मात्र पडद्याकडे बघितलं. सुई आत असताना बाळ कोपऱ्यात हात चोखत होतं, त्याला पत्ताच नव्हता. पाणी खरंच फिकट पिवळं असतं.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी माझ्या आकड्यांच्या वेडात निसटली होती. गुणसूत्रं अगदी चोख निघाली तरी पॅप-ए ०.३८ पुसलं जात नाही. वार कमकुवत असू शकते, म्हणून पुढे बाळाच्या वाढीचे जादा स्कॅन आणि रक्तदाबावर नजर. अॅस्पिरिन त्यांनी आधीच सुरू केलंय, ते सोळा आठवड्यांच्या आत सुरू करायचं असतं. म्हणजे ज्या कागदावरची एक ओळ मी महिनाभर घोकत होते, त्याच कागदावर दुसरीही ओळ होती.

आता झोपते.


नीरव

काळजी घ्या. नवऱ्यालाही झोपू द्या, तो जागाच असणार.


भटकी_चिमणी

पाच आठवडे झाले. @कातरवेळ, काय झालं पुढे? सगळं ठीक ना? रोज धागा उघडून बघते.


नाव_नको

@भटकी_चिमणी, लिहावंसं वाटलं तर त्या लिहितील. विचारू नका.


कातरवेळ

आहे मी. सगळे अहवाल आले. झटपटचा तिसऱ्या दिवशी, बाकीचे अडीच आठवड्यांनी. फोन ठरल्याप्रमाणे सहानंतर आला, फक्त नवरा आंघोळीला गेला होता, मीच घेतला.

काय आलं ते इथे लिहिणार नाहीये. रुसवा नाही कुणावर. हा धागा उद्या कोणीतरी १:८४ शोधत रात्री दोन वाजता उघडेल आणि माझ्या निकालावरून तिचा निर्णय बरोबर की चूक ते तोलेल. मीही तुमच्या निकालांवरून तेच करत होते, खास करून नीरव यांच्या. ज्यांना व्यनि (खासगी निरोप) केलेत त्यांना सांगितलंय.


पहिलटकर

नमस्कार, पूर्ण धागा आत्ता वाचला, रात्रीचे दोनच वाजलेत. माझा आजच १:१९० आलाय. वय २८. एनटीचा कागद स्कॅन सेंटरवर राहिलाय. काही सुचत नाहीये.


कातरवेळ

जागी आहे. आधी दोन गोष्टी बघ. रिपोर्टवर तुझी जन्मतारीख आणि वजन बरोबर टाकलंय का, आणि आठवडे पाळीच्या तारखेवरून धरलेत की सीआरएलवरून. चुकीचे आठवडे धरले तर रक्ताचे एमओएम सगळेच घसरतात. जुळं किंवा आयव्हीएफ असेल तर तेही तिथे लिहिलेलं हवं. एनटीचा कागद सकाळी आणून घे, त्याशिवाय पुढचं काही बोलता येणार नाही.

सोबत कोणी आहे का घरात?